वीज-पाणी पुरवठा कंपन्या डिजिटल ट्विन नेमकं कसं वापरतात?

रोहित्र (धागाकर्ता)

मी वीजवहनाच्या नियंत्रण कक्षात बरीच वर्षं काम करतोय. हल्ली प्रत्येक बैठकीत डिजिटल ट्विनचं नाव निघतं आणि प्रत्येकाच्या मनात त्याचं चित्र वेगळं असतं. कुणाला उपकेंद्राचं फिरवून बघता येणारं थ्रीडी चित्र दिसतं, कुणाला नकाशा, कुणाला रंगीत आलेखांचा पडदा. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाणी, गॅस, सांडपाणी या क्षेत्रांतल्या लोकांनी भर घालावी.

माझ्यापुरती व्याख्या अशी: प्रत्यक्ष जाळ्याचं एक गणिती मॉडेल असतं. त्याला जाळ्यावरची मोजमापं सतत मिळत राहतात आणि त्यांच्याशी ते स्वतःला जुळवून घेतं. त्याने दिलेलं उत्तर बघून कुणीतरी खऱ्या जाळ्यात काहीतरी बदल करतं, आणि त्या बदलाचा परिणाम पुन्हा मोजमापांतून मॉडेलकडे येतो. हे चक्र कुठेही तुटलं तर ते ट्विन राहत नाही. थ्रीडी चित्र असलं तर छान, नसलं तरी काही अडत नाही.

कल्पनेचा उगम कारखानदारीतला. मायकेल ग्रीव्हज यांनी २००२ मध्ये उत्पादनाच्या आयुष्यभराच्या माहितीबद्दल ती मांडली, आणि 'डिजिटल ट्विन' हे नाव नासातल्या जॉन व्हिकर्स यांच्यामुळे रूढ झालं. पण वीजवाल्यांकडे याचा गाभा त्याच्याही आधीपासून आहे. १९७० मध्ये एमआयटीतल्या फ्रेड श्वेपे यांनी 'स्टेट एस्टिमेशन' वीजजाळ्याला लागू केलं. उपकेंद्रांतून हजारो मोजमापं येतात. त्यातली काही थोडी चुकलेली असतात, काही उशिरा येतात, काही मीटर बंदच पडलेले असतात. पण एखाद्या बसबारमध्ये, म्हणजे उपकेंद्रात अनेक वाहिन्या एकत्र येतात त्या जाड पट्टीत, जेवढी वीज शिरते तेवढीच बाहेर पडली पाहिजे, हा नियम चुकत नाही. त्या नियमांत बसणारी आणि सगळ्या मोजमापांशी जास्तीत जास्त जुळणारी जाळ्याची स्थिती शोधायची. जे मोजमाप तिच्याशी अजिबात जुळत नाही, तो मीटर संशयित. हिशेबनीस ताळेबंद जुळवताना चुकीची नोंद पकडतो, तसंच काहीसं.

आता ज्या घटनेसाठी मी हा धागा काढला, ती सांगतो.

१४ ऑगस्ट २००३. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे ५ कोटी लोक आणि ६१,८०० मेगावॅट भार. झाडांना टेकलेल्या वाहिन्या आणि एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात बंद पडलेली अलार्म यंत्रणा, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. त्या भागावर देखरेख करणाऱ्या मिसो या संस्थेचा स्टेट एस्टिमेटरही त्या दुपारी बहुतेक वेळ नीट चालत नव्हता, हे मात्र फार कमी वेळा सांगितलं जातं. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास त्याचं उत्तर जुळेना, कारण बंद पडलेली एक २३० केव्ही वाहिनी मॉडेलमध्ये चालूच दिसत होती. तिची खरी स्थिती मॉडेलपर्यंत पोचतच नव्हती. विश्लेषकाने दोष शोधायला दर ५ मिनिटांनी आपोआप चालणारी गणना थांबवली, दुरुस्ती केली, पण ती पुन्हा सुरू करायची राहून गेली. साधारण २:४० ला ते लक्षात आलं. सुरू केली तर पुन्हा जुळेना, कारण तोवर आणखी एक ३४५ केव्ही वाहिनी पडली होती आणि तिचीही स्थिती मॉडेलला जोडलेली नव्हती. सगळं पूर्ववत झालं ४:०४ ला. साखळीने वाहिन्या पडायला सुरुवात झाली ४:०६ च्या सुमारास.

चौकशी अहवालातला हा भाग मी कितीदा वाचला असेल, आणि दर वेळी पोटात खड्डा पडतो. गणितात काही खोट नव्हती, संगणकही उत्तम होते. दोन वाहिन्या बंद आहेत ही बातमी तेवढी पोचली नव्हती. म्हणून आज कुणी मला ट्विन दाखवायला आणलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यातली कुठली स्थिती आपोआप येते आणि कुठली कुणीतरी हाताने भरतं?

---

नवी पालवी

रोहित्रदादा, खूप छान लिहिलंय. मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक शंका. आम्ही कॉलेजमध्ये लोड फ्लोचं, म्हणजे कुठल्या वाहिनीतून किती वीज वाहील याचं, सिम्युलेशन करतो, त्यात आणि ट्विनमध्ये मूळ गणित तर तेच ना? मग फरक फक्त लाइव्ह डेटाचा का?

---

रोहित्र

बरंचसं गणित तेच. फरक कळायला ट्रान्सफॉर्मरचं उदाहरण घे. सिम्युलेशन 'या जातीचा ट्रान्सफॉर्मर' कसा वागेल ते सांगतं. ट्विनने 'हा, याच चौथऱ्यावर उभा असलेला' ट्रान्सफॉर्मर सांगायचा असतो.

ट्रान्सफॉर्मरचं आयुष्य वेटोळ्यावरच्या कागदी इन्सुलेशनवर असतं. आयईसी ६००७६-७ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साध्या कागदासाठी सर्वांत गरम बिंदूचं संदर्भ तापमान ९८ अंश सेल्सिअस, आणि त्यावर दर ६ अंशांना कागद झिजण्याचा वेग दुप्पट. म्हणजे ११० अंशांवर चालवलेला एक तास चार तासांचं आयुष्य खातो. तो बिंदू वेटोळ्याच्या पोटात असतो. आत फायबर ऑप्टिक सेन्सर बसवलेला नसेल, आणि जुन्यांत तो नसतोच, तर तिथलं तापमान थेट मोजता येत नाही. मग वरच्या तेलाचं तापमान, भार, बाहेरची हवा आणि किती पंखे चालू आहेत यावरून ते काढायचं.

आता समज, एका ट्रान्सफॉर्मरचं तेल मॉडेलच्या अंदाजापेक्षा रोज ४-५ अंशांनी जास्त तापतंय. सिम्युलेशनला याची खबर नसते. ट्विन तो फरक साठवत जातं आणि तुला विचारायला लावतं: पंखा बंद आहे का, रेडिएटरमध्ये गाळ साचलाय का, की तेलाचं तापमान दाखवणारा सेन्सरच चुकतोय? सोबत तेलात विरघळलेले वायू बघायचे. ॲसिटिलीन दिसलं तर आत ठिणग्या उडत असल्याची शंका घ्यायची. अंदाज आणि मोजमाप यांच्यातली ती तफावत हीच ट्विनची खरी कमाई.

---

पाणवठा

धागा वाचून राहवलं नाही. मी पाणीपुरवठ्याच्या जाळ्यांचं मॉडेलिंग करते. आमच्याकडे चित्र जरा वेगळं आहे, कारण वीजवाल्यांच्या तुलनेत आमच्याकडे मोजमापं फारच थोडी. शेकडो किलोमीटर नळ जमिनीखाली आणि दाब मोजणारे सेन्सर मोजके. म्हणजे आमचं ट्विन बहुतांशी अंधारात चाचपडत असतं.

आमच्या क्षेत्राचा पाया म्हणजे इपानेट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये आणलेलं, मोफत आणि मुक्त स्रोत. कित्येक महागड्या प्रणालींच्या पोटात आजही तेच गणित चालतं. नळातून पाणी जाताना दाब किती घटेल हे काढायला बऱ्याचदा हेझन-विल्यम्सचं सूत्र वापरतात. त्यात 'सी' हा नळाचा गुळगुळीतपणा. नव्या ओतीव लोखंडी नळाला साधारण १३० धरतात. नळ जुना झाला, आत गंजाचे गोळे चढले की तो उतरत जातो. समजा १३० चा ६५ झाला. तेवढ्याच प्रवाहाला दाबातली घट दुप्पट होईल असं वाटतं ना? ती होते साधारण ३.६ पट, कारण सूत्रातला घातांक १.८५२ आहे. म्हणजे कागदावरचा आकडा घेऊन बसलात तर टोकाच्या घरांत पाणी पोचतंय असं मॉडेल म्हणेल आणि तिथे नळाला हवा येत असेल.

म्हणून कॅलिब्रेशन. रात्री अग्निशमन नळ उघडून मोठा प्रवाह सोडायचा, ठिकठिकाणचे दाब मोजायचे आणि मॉडेलचे 'सी' जुळवत न्यायचे. इथे एक मोठा धोका आहे आणि तो मी स्वतः ओढवून घेतलेला आहे. एका विभागात मॉडेल काही केल्या जुळत नव्हतं. मी एका नळाचा 'सी' ४० पर्यंत खाली आणला, तेव्हा कुठे आकडे बसले. अहवाल दिला, सगळे खूश. तिथल्या व्हॉल्व्हमननी अहवाल पाहून एवढंच विचारलं, "मॅडम, चौकातला व्हॉल्व्ह उघडा धरलाय का?" तो अर्धाअधिक बंद होता. कधीतरी दुरुस्तीसाठी बंद केलेला, नंतर पूर्ण उघडलाच गेला नव्हता. नळ चांगला होता आणि मी त्याला म्हातारा ठरवून मोकळी झाले होते. ते बोलले नसते तर चांगला नळ उखडून बदलण्याचा प्रस्ताव गेला असता. त्या दिवसापासून एखादा 'सी' विचित्र निघाला की मी आधी व्हॉल्व्हमनना फोन करते.

---

जुना खांब

वरचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. मी वितरणात लाईनवर काम केलं, आता निवृत्त आहे.

मला या ट्विनविषयी आकस नाही, पण एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. रात्री वादळात तुटलेली तार जोडताना माणूस जे हाती लागेल ते करून लोकांचा पुरवठा सुरू करतो. एका फीडरवरचा, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवरचा, भार दुसऱ्यावर टाकतो, जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) काढतो, ट्रान्सफॉर्मर असेल त्या मापाचा बसवतो. सकाळी झोपायला जातो. ती नोंद कुठे होते? झालीच तर एका वहीत. नकाशा करणाऱ्याच्या टेबलापर्यंत ती कधी पोचेल, याची शाश्वती नसते. नकाशावर उघडा, म्हणजे वीज तोडलेला, दाखवलेला स्विच खांबावर जोडलेला सापडल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, तपासल्याशिवाय आणि अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, मग कागद काहीही म्हणो. स्क्रीन आली म्हणून हा नियम तसूभरही ढिला होऊ नये. तरुण मुलं स्क्रीनवर पटकन विश्वास ठेवतात, याची मला काळजी वाटते.

---

सांजवारा

जुना खांब यांचा मुद्दा शंभर टक्के पटला. मी या कंपन्यांसाठी माहिती जोडण्याचं, म्हणजे इंटिग्रेशनचं काम करतो. ट्विनच्या प्रकल्पात सगळ्यात जास्त वेळ कशात जातो, तर एकाच वस्तूची चार नावं जुळवण्यात. जीआयएसमध्ये (संगणकीय नकाशात) ट्रान्सफॉर्मरचा एक क्रमांक, स्काडामध्ये (दुरून देखरेख-नियंत्रण करणाऱ्या प्रणालीत) दुसरा, मालमत्ता नोंदवहीत तिसरा आणि बिलिंगमध्ये तो नसतोच, तिथे फक्त ग्राहक असतो. यासाठी आयईसी ६१९७० आणि ६१९६८ ही मानकं आहेत, ज्यांना कॉमन इन्फर्मेशन मॉडेल म्हणतात. त्यामुळे सगळ्या प्रणालींना बोलायला एक भाषा मिळते. पण भाषा एक झाली म्हणून माहिती खरी होत नाही.

एक आशादायक गोष्ट मात्र सांगतो. स्मार्ट मीटर आल्यापासून काही चुका माहितीतूनच सापडायला लागल्यात. वीज तीन फेजच्या वेगवेगळ्या तारांतून येते; त्यातल्या एकाच फेजवरच्या मीटरांचा व्होल्टेज दिवसभर बरोबरीने वरखाली होतो. १५ मिनिटांच्या नोंदी घेऊन कुणाचा आलेख कुणाशी जुळतो ते पाहिलं, की कुठलं घर कुठल्या फेजवर आणि कुठल्या ट्रान्सफॉर्मरवर आहे याचा चांगला अंदाज येतो. नोंदींत एका ट्रान्सफॉर्मरवर दाखवलेलं घर शेजारच्यासोबत हलताना दिसलं, तर नोंद चुकीची असण्याची दाट शक्यता. मग खांबावर जाऊन खात्री करायची. छतावरची सौरऊर्जा आणि गाड्यांचं चार्जिंग वाढतंय तिथे हे फार मोलाचं आहे. कुठल्या फेजवर किती भर पडलीय हे माहीत नसेल, तर नव्या ग्राहकाला जोडणी द्यायची की नाही हे कशाच्या आधारावर ठरवणार?

मोठं उदाहरण हवं असेल तर सिंगापूर. तिथल्या ऊर्जा बाजार प्राधिकरणाने २०२१ मध्ये राष्ट्रीय वीजजाळ्याचं ट्विन जाहीर केलं, आणि त्याचे दोन भाग ठेवले: एक यंत्रसामग्रीचं ट्विन, दुसरं जाळ्याचं. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. 'हे यंत्र किती काळ टिकेल' आणि 'इथे आणखी भार टाकला तर काय होईल' या प्रश्नांना लागणारी माहिती वेगळी, वेगही वेगळा.

---

वाटसरू

वाचतोय. मी या क्षेत्रातला नाही. पूर आला की वीज जाते, वीज गेली की पंप बंद, मोबाइलही बंद. प्रत्येक कंपनीचं ट्विन वेगळं असेल तर हे कोण बघणार?

---

सांजवारा

याच प्रश्नावर ब्रिटनमध्ये काम झालं आहे. क्रेडो नावाचा प्रकल्प, २०२१ मध्ये सुरू झाला. अँग्लियन वॉटर, बीटी आणि यूके पॉवर नेटवर्क्स, म्हणजे पाणी, दूरसंचार आणि वीज या तीन कंपन्यांनी आपली माहिती एकत्र आणून पुराचा परिणाम एकाकडून दुसऱ्याकडे कसा जातो ते पाहिलं. वीज उपकेंद्र बुडालं तर कुठला पंप थांबतो, कुठलं टेलिफोन एक्स्चेंज बॅटरीवर जातं, वगैरे. खरी अडचण माहिती देण्याघेण्याच्या विश्वासाची असते. कुठलं उपकेंद्र पडलं तर काय काय बंद होईल, ही यादी चुकीच्या हाती पडणं भयंकर आहे.

---

नवी पालवी

म्हणजे ट्विनच हॅक झालं तर?

---

रोहित्र

काळजी रास्त आहे. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी वितरण कंपन्यांच्या प्रणालीत शिरून ब्रेकर उघडले, म्हणजे वीज तोडली, सुमारे २,२५,००० ग्राहकांची वीज गेली. तिथे हल्ला थेट नियंत्रण प्रणालीवर होता, ट्विनचा संबंध नव्हता. पण धडा आपल्यालाही लागू पडतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी नियंत्रण प्रणालीतून ट्विनकडे माहिती एकाच दिशेने जाईल अशी रचना करतात. उलट दिशेला माणूस उभा. ट्विन सुचवतं, ऑपरेटर ठरवतो.

वर एक राहिलं होतं ते लिहितो. तारांच्या क्षमतेबद्दल. तार तापली की लांबते आणि खाली झोळ येतो, म्हणून तिच्यातून किती प्रवाह न्यायचा याला मर्यादा असते. ती मर्यादा पूर्वापार सावध गृहीतकांवर ठरते: कडक ऊन आणि जेमतेम वारा, बऱ्याचदा ०.६ मीटर प्रति सेकंद. प्रत्यक्षात वारा आडवा आणि जोराचा असेल तर तार खूप थंड राहते आणि जास्त वीज नेऊ शकते. तारेवरचे सेन्सर, हवामान आणि लायडारने (लेसरने अंतर मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेला प्रत्येक गाळ्याचा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या तारेचा, झोळ एकत्र केला की दर तासाची मर्यादा काढता येते. वारा सुटला की पवनचक्क्यांची वीज वाढते आणि नेमकी तेव्हाच ती वाहून नेणारी तारही थंड असते. निसर्गाने दिलेली ही सवलत आपण इतकी वर्षं वापरत नव्हतो! पण हेही लक्षात घ्या, की दरीत आडोशाला असलेल्या एकाच गाळ्यात वारा नसेल तर सगळ्या वाहिनीची मर्यादा त्या गाळ्यावर ठरते. आणि खालचं झाड गेल्या लायडार पाहणीनंतर किती वाढलं, हे ट्विनला कुणीतरी जाऊन सांगावं लागतं. २००३ ला गाडी झाडापाशीच अडली होती.

---

जुना खांब

झाडाची बातमी देणारा माणूस लाईनवर फिरणारा असतो. त्याला बातमी देणं सोपं करा, एवढंच मागणं आहे. चार पानी फॉर्म दिला तर तो भरणार नाही.

---

रोहित्र

जुना खांब, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. आमच्याकडे अलीकडे एक आकडा मोजायला घेतलाय: मैदानात बदल झाल्यापासून तो मॉडेलमध्ये दिसेपर्यंत किती दिवस गेले. पहिल्यांदा मोजला तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले. आता फोटो आणि दोन ओळी पाठवल्या की पुरे असं केलंय, बाकीचं टेबलावरचा माणूस भरतो. ज्याने चूक कळवली त्याला दुरुस्ती झाल्याचा निरोपही जातो. या शेवटच्या गोष्टीचा मला वाटला नव्हता इतका उपयोग झाला, लोक आपणहून कळवायला लागले.

---

पाणवठा

निरोप परत पाठवण्याची कल्पना आम्हीही उचलतो.

गळतीबद्दल लिहायचं राहिलं होतं. मध्यरात्रीनंतर, साधारण २ ते ४ दरम्यान, वापर सगळ्यात कमी असतो. त्या वेळी एखाद्या बंदिस्त विभागात शिरणारं पाणी बरंचसं गळतीचंच. ट्विन रोज रात्री 'आज इतकं यायला हवं' असं सांगतं आणि त्याहून जास्त आलं की दाबांच्या नोंदींवरून गळती कुठल्या भागात असेल ते सुचवतं. मग माणूस ऐकण्याचं यंत्र घेऊन त्या पट्ट्यात जातो. सगळं गाव पालथं घालण्याऐवजी दोन रस्ते बघायचे. स्पेनमधल्या वॅलेन्सियात पाणीपुरवठ्याचं असं ट्विन रोजच्या कामात वापरतात. तिथला परिसर सुमारे १६ लाख लोकवस्तीचा, आणि तिथे व्हॉल्व्ह बंद करण्याआधी त्याचा परिणाम ट्विनवर बघून घेतात.

---

नवी पालवी

मला हे स्वतः करून बघायचंय. कुठून सुरुवात करू? आमच्याकडे ना सेन्सर, ना खरं जाळं.

---

पाणवठा

इपानेट उतरवून घे. त्यासोबत नेट१ नावाचं नमुन्याचं जाळं येतं. एक जलस्रोत, एक पंप, एक टाकी आणि बारा नळ. आधी ते नीट चालवून सगळ्या ठिकाणचे दाब लिहून ठेव. मग मैत्रिणीला सांग, तुला न कळवता कुठलाही एक नळ बंद कर आणि मला फक्त तीन ठिकाणचे दाब दे. तेवढ्यावरून कुठला नळ बंद आहे ते शोध. आमचं रोजचं काम हेच आहे.

---

नवी पालवी

केलं! सगळी संध्याकाळ गेली. एकेक नळ बंद करून पाहिला आणि मैत्रिणीच्या आकड्यांशी ताडून पाहिला. शेवटी दोन नळ उरले, दोन्ही बंद केल्यावर त्या तीन ठिकाणचे दाब जवळजवळ सारखेच येतात. मैत्रीण अजून उत्तर सांगत नाहीये. चौथा दाब मागायची एकदाच मुभा आहे. कुठला मागू?

---

पाणवठा

दोन्ही शक्यता वेगवेगळ्या चालव. राहिलेल्या ठिकाणांपैकी जिथे दोन उत्तरांतला फरक सगळ्यात मोठा निघेल, तिथला माग. खऱ्या जाळ्यात नवा सेन्सर कुठे बसवायचा हे ठरवतानाही सुरुवात याच विचाराने होते.